सिंहासनत्याग : कारण आणि प्रयोजन ('रघुवंश', 'किंग लिअर' आणि 'नटसम्राट' यांच्या संदर्भात)

प्रश्नाची मांडणी

राजा सिंहासन का सोडतो, हा प्रश्न इतिहासाला विचारला तर उत्तर बहुधा लगेच मिळते. वय झालेले असते, प्रकृती साथ देत नसते, युद्धात पराभव झालेला असतो, किंवा एखाद्या बलाढ्य सत्तेने दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर यांनी १९२६ साली गादी सोडली, ती बावला खून प्रकरणानंतर चौकशी आयोग की राज्यत्याग असा पेच ब्रिटिश सरकारने त्यांच्यापुढे उभा केल्यामुळे. इंग्लंडचे आठवे एडवर्ड डिसेंबर १९३६ मध्ये पायउतार झाले, ते विवाहासाठी. अशी कारणे दप्तरात नोंदलेली असतात, ती वाचता येतात, त्यांच्यावर वादही घालता येतो.

साहित्याची रीत निराळी आहे. साहित्यकृती राज्यत्यागाचे कारण पुष्कळदा दोन-चार ओळींत उरकते आणि पुढे जाते. समीक्षक मात्र त्या दोन-चार ओळींशीच अडून बसतात. लिअर मूर्ख होता की म्हातारपणाने भ्रमिष्ट झाला होता, रघू विरक्त होता की कुलधर्म पाळत होता, असे प्रश्न आपण वर्गात विद्यार्थ्यांना घालतो आणि परीक्षेतही विचारतो. प्रस्तुत लेखकानेही ते अनेक वर्षे विचारले आहेत. परंतु या कृती पुन्हा शेजारी ठेवून वाचताना असे वाटू लागले की आपण प्रश्नच चुकीच्या टोकाने धरला आहे. कारण मागे पाहते; प्रयोजन पुढे पाहते. राजाने राज्य का सोडले, यापेक्षा ते सोडून तो कोठे जाणार होता आणि जाताना त्याने काय मागे ठेवून घेतले, या प्रश्नांतून त्यागाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, असे येथे मांडावयाचे आहे.

याला एक दुसरेही निमित्त आहे. चर्चासत्रांतून एक विधान वारंवार कानी पडते की भारतीय परंपरेतील राजा सहज त्याग करतो आणि पाश्चात्त्य राजाला सत्ता सुटत नाही. 'रघुवंश' आणि 'किंग लिअर' ही दोन नावे या विधानाच्या पुष्ट्यर्थ हमखास घेतली जातात. विधान सोयीचे आहे आणि टाळ्या मिळवणारेही आहे. पण दोन्ही ग्रंथ मुळातून वाचले तर ते टिकत नाही.

रघुकुलातील सिंहासनत्याग

'रघुवंश'च्या प्रारंभीच कालिदास या घराण्याची दिनचर्या नव्हे, तर जन्मचर्या सांगून टाकतो. बालपणी विद्या, तारुण्यात विषयसेवन, वार्धक्यात मुनींसारखे वर्तन आणि शेवटी योगाने देहत्याग. म्हणजे सिंहासन सोडणे ही या घराण्यात घटना नाही, ती एक अवस्था आहे. तिसऱ्या सर्गाच्या शेवटी दिलीप तरुण रघूला पांढरे छत्र देतो आणि राणी सुदक्षिणेसह मुनिवनातील वृक्षांच्या छायेचा आश्रय करतो. एका श्लोकात राज्यत्याग आटोपला. पण त्या श्लोकातील योजना पाहण्यासारखी आहे. छत्र म्हणजे सावली धरणारी वस्तू. ती मुलाच्या डोक्यावर गेली आणि बापाने झाडाची सावली घेतली. छत्राखालून निघालेला राजा उन्हात उभा राहत नाही. त्याच्यासाठी दुसरी सावली आधीपासून तयार आहे, आणि तिला कालिदास इक्ष्वाकूंचे कुलव्रत असे नाव देतो.

कुलव्रत म्हटले की एक आक्षेप संभवतो आणि तो टाळण्यासारखा नाही. जे व्रतच आहे, ते निवडले असे कसे म्हणावे? पूर्वजांनी केले म्हणून करणे हा त्याग की रिवाज? याचे उत्तर आठव्या सर्गात मिळते. तेथे कालिदास रघूच्या त्यागाला जवळजवळ पंचवीस श्लोक देतो.

आधी रघूचे पूर्वचरित्र लक्षात घेतले पाहिजे. पाचव्या सर्गात विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेल्या रघूकडे कौत्स हा वरतंतूचा शिष्य गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागण्यास येतो, तेव्हा राजाजवळ अर्घ्य देण्यासाठी मातीचे पात्र उरलेले असते. रघूने येथे संपत्ती दिली, राजपद दिले नाही. किंबहुना याचकाला विन्मुख पाठवणे राजपदाला शोभणार नाही म्हणूनच तो कुबेरावर चालून जाण्याचा बेत करतो. आठव्या सर्गात तो राजपद देतो. म्हणजे संपत्तीचा त्याग आणि पदाचा त्याग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची तयारी वेगळी आणि त्यांचा काळही वेगळा, हे कालिदासाला ठाऊक आहे. पुढे लिअरकडे वळताना हा भेद उपयोगी पडणार आहे.

आठव्या सर्गात क्रम असा आहे. विवाहाचे मंगलसूत्र अद्याप अजाच्या हातावर आहे, तोच रघू पृथ्वीही दुसऱ्या इंदुमतीप्रमाणे त्याच्या हाती देतो. नंतर मुलाने प्रजेत मूळ धरले आहे असे तो पाहतो आणि मग नाशवंत विषयांबद्दल निःस्पृह होतो. हा क्रम उलटा वाचण्याची आपल्याला सवय आहे. आपण गृहीत धरतो की विरक्ती आली म्हणून राज्य दिले. श्लोक सांगतो की मुलाचे बस्तान बसलेले पाहिले आणि मग विरक्ती आली. प्रजेची व्यवस्था आधी, आत्म्याची नंतर. कुलव्रतात निवडीला जागा कोठे आहे, याचे उत्तर येथे आहे. सोडायचे हे ठरलेले असते; केव्हा सोडायचे हे कोणी ठरवून देत नाही. राजाची सारी परीक्षा त्या 'केव्हा'मध्ये आहे.

रघू वनाकडे निघतो तेव्हा अज मुकुटमंडित मस्तक त्याच्या पायांवर ठेवून 'मला सोडून जाऊ नका' अशी विनवणी करतो. हा प्रसंग नाजूक आहे. मुलाचे अश्रू पाहून राहिले तर त्याग अर्धवट होतो, आणि न राहिले तर बाप निष्ठुर ठरतो. रघू मुलाची इच्छा पुरी करतो, म्हणजे दूर वनात न जाता नगराबाहेर राहतो. परंतु टाकलेली राजलक्ष्मी तो पुन्हा घेत नाही. साप कात पुन्हा अंगावर चढवीत नाही त्याप्रमाणे, असे कालिदास म्हणतो. यापुढचा श्लोक मला या सबंध प्रकरणाचा गाभा वाटतो. जी लक्ष्मी आता पुत्राची भोग्या झाली, ती रघूची सेवा सुनेप्रमाणे करते. कालपर्यंत पत्नी होती, आज सून झाली. तिच्याशी नाते तुटले नाही, पण नात्याची जात बदलली आणि त्यासरशी काय चालेल व काय चालणार नाही हेही बदलले. सिंहासनाच्या जवळ राहूनही त्याला हात न लावण्याचा इतका कडक आणि इतका घरगुती नियम दुसऱ्या कोणत्या काव्यात सांगितला असेल असे वाटत नाही. सासरा आणि सून यांच्यातील मर्यादा कोणत्याही भारतीय वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

त्यानंतर कालिदास पिता-पुत्रांना श्लोकामागून श्लोक समोरासमोर ठेवतो. एकाने यतीचे चिन्ह धारण केले, दुसऱ्याने राजाचे. अज नीतिनिपुण मंत्र्यांसह बसतो, रघू योग्यांसह. अज प्रजेचे व्यवहार पाहण्यासाठी धर्मासनावर, रघू चित्ताच्या धारणेसाठी दर्भासनावर. ही रचना केवळ अलंकाराची हौस नाही. माजी राजाला काम आहे, सोबती आहेत, आसन आहे, चिन्हही आहे. तो पदावरून उतरून पोकळीत पडलेला नाही. त्याने एक पद सोडून दुसरे घेतले आहे आणि त्या दुसऱ्या पदाला समाजात नाव आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग भारतीय राजा सहज त्याग करतो हे विधान खरेच आहे. पण कालिदास येथे थांबत नाही. अजाचे उदाहरण घ्या. इंदुमतीच्या मृत्यूनंतर त्याला राज्यात काय, जगण्यातही रस उरलेला नाही. तरी दशरथ लहान म्हणून तो आठ वर्षे कशीबशी काढतो. मुलगा कवच धारण करण्याइतका मोठा झाल्यावर त्याच्यावर प्रजारक्षण सोपवतो आणि प्रायोपवेशनाने गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो. ही विरक्ती नव्हे, हा शोक आहे. बाहेरून क्रिया तीच, आतून सर्वस्वी वेगळी. कुलव्रताच्या साच्यात कालिदास दुःखाने खचलेला माणूसही बसवून दाखवतो आणि त्याला कमी लेखत नाही.

दशरथाचे प्रकरण तर अपयशाचे आहे. बाराव्या सर्गाच्या आरंभी तो पहाटेच्या दिव्याप्रमाणे विझण्याच्या बेताला आला आहे, आणि पिकलेल्या केसाच्या मिषाने जरा त्याच्या कानाशी येऊन रामाला राज्य दे असे सांगते, ते जणू कैकेयी ऐकेल या भीतीने हळूच. ही कल्पना गमतीची वाटते, पण तिच्यात दशरथावरील टीका दडलेली आहे. रघूने स्वतः पाहून ठरवले. दशरथाला पिकल्या केसाने सांगावे लागले, तेही कुजबुजत. ज्या घरात राज्यत्यागाची गोष्ट मोठ्याने बोलता येत नाही, तेथे ती वेळेवर होणार नाही हे उघडच आहे. पुढचे सर्वज्ञात आहे.

आणि शेवटी अग्निवर्ण. एकोणिसाव्या सर्गात त्याचा पिता सुदर्शन रीतीप्रमाणे नैमिषारण्यात जातो. अग्निवर्ण काही वर्षे स्वतः राज्य पाहतो, नंतर कारभार मंत्र्यांवर टाकून अंतःपुरात शिरतो. मंत्र्यांनी फार आग्रह धरला तर प्रजेला दर्शन म्हणून गवाक्षातून एक पाय बाहेर काढतो. राजयक्ष्म्याने तो मरतो, तेव्हा मंत्री राजवाड्याच्या उपवनातच गुपचूप त्याचे दहन करतात आणि गर्भवती राणीला सिंहासनावर बसवतात. कालिदासाने महाकाव्याचा शेवट असा का केला यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एवढे म्हणता येईल की दिलीपाचा त्याग आणि अग्निवर्णाचा त्याग यांत एक भीषण साम्य आहे. दोघांनीही राज्याचे काम सोडले. दिलीपाने कामासोबत छत्र सोडले. अग्निवर्णाने काम सोडले आणि छत्र ठेवले. खिडकीतून लोंबणारा तो पाय म्हणजे काम टाकून नाव ठेवलेले राजपद होय. ही प्रतिमा शेक्सपिअरच्या नव्हे, कालिदासाच्या काव्यात आहे, हे चर्चासत्रातील त्या लाडक्या विधानाच्या पुरस्कर्त्यांनी विसरू नये.

लिअरचे शंभर शिलेदार

'किंग लिअर'चा पहिला प्रवेश सर्वांच्या परिचयाचा आहे. विंदा करंदीकरांनी या नाटकाचा 'राजा लिअर' हा अनुवाद करून ते मराठी वाचकाच्या अधिक जवळ आणले आहे. लिअर राज्याचे तीन भाग करतो, मुलींना प्रेमाची ग्वाही देण्यास सांगतो, धाकटी कॉर्डेलिया ते नाकारते, आणि अनर्थास सुरुवात होते.

लिअर राज्य का सोडतो? नाटकाच्या १६०८ च्या क्वार्टो प्रतीत याचे उत्तर अगदी तुटपुंजे आहे. राज्यकारभाराची चिंता झटकून ती तरुणांवर सोपवायची, एवढेच. १६२३ च्या फोलिओमध्ये त्यात भर पडली आहे. भार हलका करून मृत्यूकडे सरकत जाण्याची इच्छा आणि पुढे होणारे कलह आताच टाळण्याचा हेतू, ही दोन्ही कारणे फोलिओतच आढळतात. ही भर शेक्सपिअरने स्वतः घातली असे मानणारा अभ्यासकांचा मोठा वर्ग आहे. तसे असेल तर नाटककारालाही मागाहून वाटले असावे की प्रेक्षक कारण विचारतील, तेव्हा थोडे अधिक द्यावे. परंतु दोन्ही प्रतींत नाटक सारखेच पुढे धावते. कारणाच्या कमी-जास्तपणाने शोकांतिकेत फरक पडत नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

समीक्षकांनी मात्र कारणावरच भर दिला. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये लिअरची मूळ योजना दिसते तेवढी वेडगळ नव्हती असे दाखवून दिले. वाटण्या आधीच ठरल्या होत्या, प्रेमाची परीक्षा हा केवळ उपचार होता, आणि लिअर कॉर्डेलियाकडे राहणार होता. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४७ मध्ये टॉलस्टॉयच्या शेक्सपिअरविरोधी लेखाला उत्तर देताना त्याग हाच या नाटकाचा विषय असल्याचे मांडले आणि लिअर सिंहासन सोडतो पण सर्वांनी आपल्याला राजासारखे वागवावे अशी अपेक्षा ठेवतो, हेही अचूक दाखवले. ऑर्वेल यांचे निरीक्षण मला मान्य आहे. परंतु ही अपेक्षा लिअरच्या मनात केव्हा उत्पन्न झाली, या प्रश्नाकडे त्यांनी पाहिले नाही. संहिता त्याचे उत्तर देते.

प्रवेशाचा क्रम पाहा. राज्यत्यागाची घोषणा होते. मोठ्या दोघींना वाटे मिळतात. कॉर्डेलिया बोलत नाही. लिअर तिला टाकतो आणि त्याच रागात सांगून जातो की आपली सर्वांत लाडकी हीच होती आणि हिच्या मायेच्या छायेत आपण विसावा घेणार होतो. शंभर शिलेदारांचे नाव येते ते यानंतर. महिन्या-महिन्याने दोघींकडे राहण्याची अट यानंतर. राजा हे नाव आणि त्यासोबतचे सारे मानमरातब स्वतःकडे ठेवण्याची घोषणाही यानंतर. त्याआधी लिअरने स्वतःसाठी काही राखून ठेवल्याचा उच्चार नाही.

याचा अर्थ असा घ्यावा लागतो की लिअरलाही एक मुनिवन होते. ते म्हणजे कॉर्डेलियाचे घर. सिंहासनावरून उठून जाण्याची ती एकमेव जागा त्याने मनात योजली होती आणि ती त्याने स्वतःच्या हाताने, त्याच सभेत, काही क्षणांत मोडली. जागा गेल्यावर मात्र परत फिरणे शक्य नव्हते, कारण घोषणा होऊन चुकली होती. मग त्या जागेऐवजी त्याने नाव मागितले आणि नावाच्या राखणीला शंभर माणसे. शंभर शिलेदार ही सत्तेची हाव नव्हे, हरवलेल्या घराची ती भरपाई आहे. लिअर सत्तेला चिकटून राहिला असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा क्रम विचारात घेतला पाहिजे.

तथापि म्हणून त्याची मागणी न्याय्य ठरत नाही. नाटकाची ताकद अशी की ज्या गॉनरिलचा आपल्याला तिटकारा येतो, तिच्या तक्रारीत तथ्य आहे. जे अधिकार देऊन टाकले तेच हा म्हातारा अजून गाजवू पाहतो, असे ती म्हणते. एका घरात शंभर सशस्त्र माणसे दुसऱ्याच्या हुकमतीत राहिली तर घरधनिणीचे राज्य कसले? ती पन्नास कमी करते, रीगन पंचवीसवर आणते, मग दहा, पाच, आणि अखेर एकाची तरी गरज काय असा प्रश्न. ही घासाघीस बाजारातल्यासारखी आहे आणि लिअरही तिच्यात उतरतो. पन्नास हे पंचवीसच्या दुप्पट, तेव्हा गॉनरिलचे प्रेमही रीगनच्या दुप्पट, असा हिशेब तो मांडतो. पहिल्या प्रवेशात त्याने प्रेमाचे मोजमाप मागितले होते; येथे त्याला ते मिळते.

रघूची लक्ष्मी सून झाली होती. लिअरच्या बाबतीत नात्याची जात बदलली नाही. तो एकाच वेळी बाप, पाहुणा आणि राजा राहू पाहतो, आणि या तिहींची मर्यादा एकमेकींत मिसळते. आपल्या महाविद्यालयांतून निरोपसमारंभ झाल्यानंतरही विभागाच्या जुन्या खुर्चीकडे दुपारी-संध्याकाळी वळणारी पावले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही अडचण परकी वाटू नये. तेथेही दोष एकाच बाजूचा असतो असे नाही. माजी माणसाने बसावे कोठे, हे कोणीच ठरवलेले नसते.

येथे पूर्व आणि पश्चिम असा भेद आणण्याचे कारण नाही. युरोपातही ही जागा होती. सम्राट पाचवा चार्ल्स याने २५ ऑक्टोबर १५५५ रोजी ब्रुसेल्स येथे नेदरलँड्सचे राज्य पुत्र फिलिप याच्या स्वाधीन केले, पुढच्या वर्षी स्पेनचे दिले, आणि १५५७ पासून १५५८ मधील मृत्यूपर्यंत तो युस्ते येथील मठाच्या आश्रयाने राहिला. तेथेही त्याचा पत्रव्यवहार आणि सल्ला देणे सुरूच होते, म्हणजे कात पुरती टाकली नव्हती. पण मठ होता. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडून टाकले होते. लिअरची कथा ख्रिस्तपूर्व ब्रिटनची आहे हे खरे. तरीही ज्या प्रेक्षकांसमोर ती प्रथम उभी राहिली, त्यांच्या देशात पदावरून उतरलेल्या राजाने जावे असे ठिकाण उरले नव्हते, हे सुचवावेसे वाटते. अगदी अलीकडे जपानमध्ये हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत उभा राहिला. १८१७ नंतर तेथे कोणा सम्राटाने पद सोडले नव्हते आणि राजघराण्याच्या कायद्यात तशी तरतूदही नव्हती. सम्राट अकिहितो यांच्यासाठी २०१७ मध्ये खास कायदा करावा लागला आणि ३० एप्रिल २०१९ रोजी पद सोडल्यावर त्यांना 'जोको' हे निवृत्त सम्राटाचे जुने अभिधान देण्यात आले. आधी जागा, मग त्याग.

बेलवलकरांचे राज्य

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आले आणि मराठी मनाने लिअरला कायमचे आपल्या घरात घेतले. गणपतराव बेलवलकर रंगभूमीवरून निवृत्त होतात आणि जमवलेले सारे नंदा आणि नलू या मुलांना वाटून टाकतात. येथे राज्याचा नकाशा नाही, शिलेदार नाहीत. शंभर माणसांच्या जागी नवरा-बायको अशी दोनच माणसे आहेत आणि प्रश्न एका छपराचा आहे. म्हणूनच त्यांचे घर मागणारे स्वगत प्रत्येक मराठी घरात पोहोचले.

'नटसम्राट'वर भावविवशतेचा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः मान्य करूनही वेगळी गोष्ट नोंदवावीशी वाटते. बेलवलकरांनी दिले काय? पैसा आणि घर. त्यांचे सम्राटपद मात्र त्यांनी दिलेले नाही, कारण ते देता येण्यासारखेच नाही. ते प्रेक्षकांनी बहाल केले होते आणि मुलांच्या नावावर करून देता येईल अशी ती मिळकत नव्हती. रघूच्या उदाहरणात आपण पाहिले की संपत्तीचा त्याग आणि पदाचा त्याग वेगळे असतात. बेलवलकरांनी केला तो पहिला. दुसरा त्यांच्या हातातच नव्हता. त्यामुळे अटळपणे ते नाव घेऊन मुलांच्या घरी राहतात, पण त्यात लिअरचा अपराध नाही. लिअरने नाव राखून ठेवले, बेलवलकरांना नाव चिकटलेले आहे.

शिरवाडकरांनी प्रेमाची परीक्षा गाळली, नायकाला निरपराध केले आणि त्याच्या पदरी कावेरीसारखी सोबतीण दिली. या तिन्ही बदलांनी नाटक अधिक करुण झाले. ते अधिक शोकात्म झाले का, याविषयी मी साशंक आहे. बेलवलकरांच्या दुःखाने आपण हळहळतो आणि मुलांवर चिडतो. लिअरच्या दुःखाने आपल्याला कोणावरही पुरते चिडता येत नाही, आणि ती अवस्था सोसण्यास अधिक अवघड आहे. अर्थात शिरवाडकरांना राज्यत्यागाचे नाटक लिहायचेच नव्हते, असेही म्हणता येईल. नटाला वाणप्रस्थ नसतो, ही त्यांची वेदना होती.

माळरान आणि गुंडी

लिअरचा खरा त्याग पहिल्या प्रवेशात होत नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. तो माळरानावर सुरू होतो. वादळात सापडलेल्या राजाला उघड्यावर राहणाऱ्या गोरगरिबांची आठवण होते आणि आपण त्यांची फार थोडी काळजी घेतली असे तो कबूल करतो. नग्न टॉमला पाहून तो स्वतःचे कपडे काढू लागतो. दिलीपाने विधिपूर्वक केले ते लिअरच्या हातून वेडाच्या भरात होते.

परंतु माळरान म्हणजे तपोवन, असे समीकरण मांडण्याची घाई करू नये. तेथे तो वेडात न्यायसभा भरवतो, विदूषक आणि टॉम यांना न्यायाधीश करतो आणि गैरहजर मुलींवर खटला चालवतो. हा भाग क्वार्टोत आहे, फोलिओत नाही. पुढे रानफुलांचा मुकुट घालून तो आपण नखशिखांत राजा असल्याचे बजावतो आणि माफी वाटत सुटतो. अज धर्मासनावर आणि रघू दर्भासनावर, अशी जी वाटणी कालिदासाने केली, ती लिअरच्या एकाच डोक्यात उसळते आहे. सोडणे आणि धरणे ही एकाच वेळी चाललेली आहेत.

बदल दिसतो तो चौथ्या अंकाच्या शेवटी. कॉर्डेलियाच्या छावणीत तो जागा होतो. ती त्याला महाराज म्हणून हाक मारते. ज्या नावासाठी त्याने शंभर माणसे मागितली, ते नाव त्याला आता मानाने दिले जाते, आणि त्याच्या ते ध्यानातही येत नाही. ती आशीर्वाद मागते तर तोच गुडघे टेकू लागतो. स्वतःची ओळख तो ऐंशी उलटलेला एक मूर्ख म्हातारा अशी करून देतो. त्या ओळखीत 'राजा' हा शब्द नाही. पहिल्या प्रवेशात मोडलेली ती छाया त्याला येथे सापडते, फार थोड्या काळासाठी.

अखेरच्या प्रवेशात एक घटना घडते आणि वाचताना ती सहसा निसटते. कॉर्डेलियाचे प्रेत हातांवर घेऊन लिअर येतो. विजयी आल्बनी सर्वांसमोर जाहीर करतो की या वृद्ध राजाच्या हयातीपर्यंत आपण आपली सर्व सत्ता त्याच्या स्वाधीन करत आहोत. नाटकाच्या सुरुवातीला दिलेले राज्य लिअरला परत मिळाले. त्यासाठी त्याला काही करावे लागले नाही, कोणाची मनधरणी करावी लागली नाही. लिअर त्यावर एक शब्दही बोलत नाही. नकार नाही, स्वीकार नाही. त्याला ते ऐकू आले की नाही हेही कळत नाही. तो मुलीच्या तोंडाकडे पाहत असतो. मग जवळच्या कोणाला तरी तो विनंती करतो की ही गुंडी तेवढी सोडा, आणि ती सोडल्यावर त्या माणसाचे आभार मानतो.